तीन ग्रीक अक्षरांचं भाडं

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी भाच्याचा फोन आला. तो मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे आणि त्याच्या फ्रॅटर्निटीचा खजिनदार आहे. ‘‘मामा, आमच्या हाउसमध्ये लोकल व्हायचं चाललंय. पंधरा दिवसांनी मतदान आहे. नॅशनलचं बिल पाठवतो, जरा बघ ना.’’

लोकल म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर अजून डोंबिवलीचा फलाट येतो. इथे अर्थ वेगळा. लोकल व्हायचं म्हणजे देशभर पसरलेल्या मूळ संघटनेशी काडीमोड घ्यायचा, दारावरची ग्रीक अक्षरं उतरवायची, नवीन नाव घ्यायचं आणि आपल्या एका कॉलेजापुरतं आपलं आपण राहायचं. बिल बघून पोरांचं डोकं फिरलं होतं. ‘‘एवढे पैसे देऊन आम्हाला मिळतं काय?’’ हा त्यांचा प्रश्न. साधा वाटतो, पण त्याचं उत्तर शोधताना माझे दोन शनिवार-रविवार गेले.

आधी थोडी ओळख. फ्रॅटर्निटी ही पदवीच्या मुलांची बंधुसंघटना. मुलींची ती सोरॉरिटी. नावाला दोन-तीन ग्रीक अक्षरं, कॅम्पसजवळ एक मोठं घर, दरवर्षी नवी मुलं निवडायची पद्धत आणि एक गुप्त दीक्षाविधी. निवडीच्या त्या धामधुमीला रश म्हणतात, आमंत्रणाला बिड आणि अजून पुरता सभासद न झालेल्या उमेदवाराला प्लेज. आपल्यातले बरेच जण इथे एमएसला येतात, आणि हा प्रकार मुख्यतः पदवीपूर्व मुलांचा. त्यामुळे पंचवीस वर्षं अमेरिकेत काढूनही माझी फ्रॅटर्निटीशी ओळख म्हणजे समोरच्या घराच्या हिरवळीवर सोफा टाकून बसलेली पोरं, एवढीच होती. आता इथे जन्मलेली आपली मुलं त्या सोफ्यावर बसतात आणि बिलं आपल्याकडे येतात.

एका कॉलेजातला गट म्हणजे चॅप्टर. अशा अनेक चॅप्टरांची मिळून जी मध्यवर्ती संस्था असते तिला पोरं नुसतं ‘नॅशनल’ म्हणतात. नॅशनलकडे मुख्य कार्यालय असतं, पगारी माणसं असतात, नियमावली असते, अधिवेशन असतं. चॅप्टरला ती चार्टर देते, म्हणजे सनद. भाच्याच्या हाउसमध्ये ही सनद जिन्यासमोरच्या भिंतीवर चौकटीत लावलेली आहे. काच एका कोपऱ्यात तडकलेली, खाली सह्या पुसट झालेल्या. सनद या शब्दाचा अर्थ मराठी माणसाला वेगळा सांगायला नको. जो देतो, तो काढूनही घेऊ शकतो.

ही सनदेची कल्पना जुनी आहे, आणि तिच्या जन्मकथेतच भाच्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर सापडतं. ५ डिसेंबर १७७६ ला व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात काही विद्यार्थ्यांनी ‘फाय बीटा कॅपा’ नावाची मंडळी जमवली. ‘तत्त्वज्ञान हे जीवनाचं सुकाणू’ अशा अर्थाच्या ग्रीक वाक्याची ती आद्याक्षरं. ग्रीक अक्षरांची चाल तिथून पडली. तीन वर्षांनी या मुलांनी येल आणि हार्वर्डसाठी सनदा लिहून दिल्या. १७८१ मध्ये ब्रिटिश फौजा जवळ आल्या तेव्हा विल्यम अँड मेरीतली मूळ शाखाच बंद पडली, आणि पुढे कित्येक वर्षं बंद राहिली. संस्था मात्र जगली, कारण तोवर तिची रोपं येल आणि हार्वर्डला लागली होती. आज फाय बीटा कॅपा ही गुणवंतांची मानाची संस्था आहे, तिथे पार्ट्या होत नाहीत. पण एका ठिकाणी मेलं तरी दुसरीकडून पुन्हा उगवता येतं, हा नॅशनलचा पहिला फायदा तिने दाखवून दिला.

आजच्या अर्थाच्या फ्रॅटर्निटीचा उगम न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात मानतात. तिथे १८२५ मध्ये कॅपा अल्फा सोसायटी निघाली, १८२७ मध्ये सिग्मा फाय आणि डेल्टा फाय. सिग्मा फायने १८३१ मध्ये हॅमिल्टन कॉलेजात दुसरी शाखा काढली. मग ओहायोतल्या मायामी विद्यापीठातून (फ्लोरिडाशी याचा संबंध नाही) बीटा थीटा पाय, फाय डेल्टा थीटा आणि सिग्मा काय या तीन मोठ्या संघटना १८३९ ते १८५५ च्या दरम्यान निघाल्या आणि देशभर पसरल्या. १९०९ मध्ये या नॅशनलांनी मिळून आपलीही एक परिषद काढली. म्हणजे मंडळाचं महामंडळ. आपल्याला हे नवीन नाही.

आता बिलाकडे. भाच्याने पाठवलेल्या पानावर दर डोई वार्षिक फी, नव्या सभासदाची दीक्षा-फी, बॅज, अधिवेशनाचा वाटा अशा ओळी होत्या. पण सगळ्यांत जाड ओळ एकच होती: विमा.

इथे थोडं थांबावं लागेल, कारण नॅशनल म्हणजे नेमकं काय हे कळायचं असेल तर बंधुभावाच्या गप्पा बाजूला ठेवून विम्याकडे बघावं. अठरा ते बावीस वयाची पन्नास-साठ मुलं एका छताखाली, दारू, जिना, गच्ची, आणि प्लेजला छळायची परंपरा. या छळाला इथे हेझिंग म्हणतात. आपण रॅगिंग म्हणतो, फरक एवढाच की रॅगिंग वाट्याला येतं आणि हेझिंगला मुलगा आपणहून दार वाजवतो. अशा घराचा विमा कोण उतरवेल? १९८० च्या दशकात अमेरिकेत दाव्यांच्या रकमा भडकल्या तेव्हा विमा कंपन्या या घरांपासून पळ काढू लागल्या. तेव्हा १९८७ मध्ये काही नॅशनलांनी एकत्र येऊन ‘फ्रॅटर्निटी इन्शुरन्स पर्चेसिंग ग्रुप’ नावाचा गट काढला. विमा मिळायला हवा, तर विमा कंपनीला दाखवायला नियम हवेत. म्हणून नियम लिहिले गेले: चॅप्टरच्या पैशातून दारू घ्यायची नाही, बिअरचं पिंप आणायचं नाही, हेझिंग नाही. आजही फ्रॅटर्निटीत ‘रिस्क मॅनेजमेंट’ म्हणून जे काही शिकवतात त्याचं कूळ या विम्यात आहे. त्यानंतर नियम कडकच होत गेले. फाय डेल्टा थीटाने २००० पासून आपल्या सगळ्या हाउसांत दारूबंदी केली. २०१८ मध्ये त्या महामंडळाने ठरवलं की १५ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेली दारू हाउसमध्ये नको, विकायची तर परवानाधारक बाहेरच्या विक्रेत्याने विकावी.

एकट्या लोकल गटाला असा विमा बाजारात मिळतो का? मिळतो, पण दमछाक होते. शेकडो घरांचा धोका एकत्र बांधला की हप्ता परवडतो. एकच घर, तेही पोरांचं, म्हटलं की एजंट फोन उचलत नाही. विमा नसेल तर विद्यापीठ मान्यता देत नाही, हॉलवाला हॉल देत नाही, बसवाला बस देत नाही. त्यामुळे भाच्याच्या मित्रांनी ‘नॅशनलचा खर्च’ म्हणून वहीत जी रक्कम लाल केली होती, तिच्यातला मोठा हिस्सा लोकल झाल्यावरही वाचणारच नाही. दुसऱ्याच्या नावे भरावा लागेल, तोही कदाचित जास्त.

पण ही गोष्ट इथे संपत नाही, आणि मुलांच्या आईबापांनी पुढचा परिच्छेद नीट वाचावा. या विम्यात अनेकदा एक मेख असते. नियम पाळून काही झालं तर संरक्षण. नियम मोडून झालं तर ज्याने मोडला त्याने बघावं. आता अपघात होतात कधी? अल्पवयीन मुलाला दारू पाजताना, हेझिंग करताना. म्हणजे नेमकं जे होतं त्याच वेळी छत्री मिटते. मग खटल्यात त्या मुलाचं स्वतंत्र नाव येतं, आणि वकील त्याच्या आईवडिलांच्या घराच्या विम्यापर्यंत पोचतात. न्यू जर्सीतल्या किंवा टेक्सासातल्या एखाद्या मराठी कुटुंबाने वीस वर्षं हप्ते भरून घेतलेलं घर, आणि त्याच्या विमापत्रावर दावा, का तर पोरगा सोशल चेअरमन, म्हणजे पार्ट्यांचा प्रमुख, होता आणि पार्टीचा सामान-खर्च त्याच्या नावे होता. भाच्याला मी पहिला प्रश्न विचारला तो हाच: ‘‘पार्टीचं सामान आणायला कुणाचं कार्ड वापरता?’’ तिकडे शांतता.

मग दुर्घटनेची जबाबदारी नॅशनलवर येते का? यावर अमेरिकेतली न्यायालयं एका सुरात बोलत नाहीत. दक्षिण कॅरोलायनातल्या अपील न्यायालयाने १९८६ मध्ये ‘बलू विरुद्ध सिग्मा नू’ या प्रकरणात, दीक्षेच्या रात्री दारूने गेलेल्या मुलाच्या मृत्यूबद्दल नॅशनलला जबाबदार धरलं: चॅप्टर तुमच्या नावाने दीक्षा देतं ना, मग हात झटकू नका. उलट इंडियाना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये डेल्टा टाउ डेल्टाच्या खटल्यात म्हटलं की नॅशनल नियम करते, शिकवते, नंतर शिक्षा करते; पण मुलं रोज काय करतात यावर तिचा ताबा नाही, म्हणून ती जबाबदार नाही.

या दुसऱ्या निकालातली गंमत बघा, गंमत म्हणवत नाही खरं तर. जितकं जवळून लक्ष ठेवाल तितकी जबाबदारी अंगाशी येणार. लांबून नियमावली पाठवाल तर सुटाल. म्हणून नॅशनल व्हिडिओ पाठवते, वर्षातून एखाददा नुकताच पदवीधर झालेला तेवीस-चोवीस वर्षांचा ‘कन्सल्टंट’ दोन दिवस पाठवते, सह्यांचे फॉर्म भरून घेते, आणि रोजच्या कारभारात मात्र आम्ही नाही असं लेखी ठेवते. भाच्याच्या हाउसमध्ये असा कन्सल्टंट येऊन गेला होता. मुलांनी त्या दोन दिवसांसाठी स्वयंपाकघर घासून काढलं, फ्रीज रिकामा केला, तळघराला कुलूप लावलं. तो गेला त्या रात्री कुलूप उघडलं. नॅशनलच्या दफ्तरी या चॅप्टरला ‘उत्तम’ शेरा आहे.

शेरा उत्तम असून काय होतं याचा दाखला पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातला आहे. बीटा थीटा पायचं तिथलं हाउस कागदोपत्री दारूमुक्त होतं, आत कॅमेरे होते, आदर्श म्हणून नावाजलेलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथे बिडच्या रात्री पाजलेल्या दारूने आणि जिन्यावरून पडून १९ वर्षांचा एक मुलगा गेला. मदत बोलवायला कित्येक तास लावले होते. नॅशनलने चॅप्टर बंद केलं, विद्यापीठाने कायमची बंदी घातली. अशा मृत्यूंनंतर पेनसिल्व्हेनिया, लुइझियाना, ओहायो या राज्यांनी कायदे कडक केले आणि डिसेंबर २०२४ मध्ये देशपातळीवर हेझिंगविरोधी कायदा आला, ज्यानुसार विद्यापीठांना आपल्याकडच्या हेझिंगच्या घटना जाहीर कराव्या लागतात. नॅशनलशी जोडलेलं असणं म्हणजे सुरक्षित असणं, असं या इतिहासावरून मला तरी म्हणवत नाही. लोकल असणं म्हणजे सुरक्षित, असंही नाही. तिथे विचारायला तो तेवीस वर्षांचा पोरगाही येत नाही.

सनद काढून घेण्याचा हक्क हा नॅशनलचा खरा दांडा. तो दोन्ही दिशांनी फिरलेला आहे. १९४८ मध्ये ॲमहर्स्ट कॉलेजातल्या फाय कॅपा साय चॅप्टरने एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्लेज म्हणून घेतलं. नॅशनलने चॅप्टर निलंबित केलं. मुलं मागे हटली नाहीत. नाव थोडं फिरवून फाय अल्फा साय म्हणून लोकल झाली. १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या सिग्मा काय चॅप्टरवर तशाच कारणावरून निलंबन आलं. १९५० च्या सुमारास अनेक नॅशनलांच्या घटनेतच ‘फक्त गोरे’ छापाची कलमं होती. डार्टमथ कॉलेजात विद्यार्थ्यांनी १९५४ मध्ये सार्वमत घेऊन ठरवलं की १९६० पर्यंत अशी कलमं मान्य करणाऱ्या संघटनांशी नातं ठेवायचं नाही. थीटा कायचं तिथलं चॅप्टर त्याआधीच, १९५२ मध्ये, बाहेर पडून अल्फा थीटा झालं होतं. १९६० मध्ये फाय डेल्टा थीटाचं फाय डेल्टा अल्फा झालं. नावं बघा, निम्मं जुनं निम्मं नवं, लग्नानंतर माहेरचं आडनाव मधे ठेवावं तसं.

आणि उलट बाजू. मार्च २०१५ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठातल्या सिग्मा अल्फा एप्सिलॉनच्या मुलांचा बसमध्ये वर्णद्वेषी गाणं म्हणतानाचा व्हिडिओ बाहेर आला. नॅशनलने लगेच चॅप्टर बंद केलं. इथवर शाबासकी. पण विद्यापीठाने चौकशी केली तर कळलं की ते गाणं मुलांनी चार वर्षांपूर्वी नॅशनलनेच भरवलेल्या नेतृत्व-प्रशिक्षणाच्या जहाज-सहलीत उचललं होतं. अधिवेशनं आणि शिबिरं यांचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना हे उत्तर पुरावं.

बंधुत्वाचं जाळं, नोकरीला ओळख, देशभर भाऊ, या गोष्टी माहितीपत्रकात सगळ्यांत मोठ्या अक्षरांत असतात. गोऱ्या मुलांच्या सर्वसाधारण फ्रॅटर्निटीत मला त्या जरा फुगवलेल्या वाटतात. ज्याच्या ओळखीने नोकरी लागते तो माणूस बहुधा त्याच हाउसमध्ये चार वर्षं आधी राहून गेलेला असतो. दुसऱ्या राज्यातला अनोळखी ‘भाऊ’ फार तर ईमेलला उत्तर देतो. पण कृष्णवर्णीयांच्या संघटनांबद्दल हे लागू नाही, आणि तो फरक समजून घेण्यासारखा आहे. अल्फा फाय अल्फा १९०६ मध्ये कॉर्नेलला निघाली, ज्या काळात या मुलांना बाकीच्यांच्या दारात उभं करत नसत. तिथे कॉलेज संपलं की नातं संपत नाही. शहराशहरात पदवीधरांची चॅप्टरं आहेत, माणूस पन्नाशीत वर्गणी भरतो आणि बैठकीला जातो. मार्टिन ल्यूथर किंग या संघटनेचे सभासद. त्यांचं वॉशिंग्टनमध्ये स्मारक व्हावं ही कल्पना या फ्रॅटर्निटीने १९८४ मध्ये मांडली, १९९६ मध्ये संसदेची परवानगी मिळाली आणि २०११ मध्ये स्मारक उभं राहिलं. सत्तावीस वर्षं एक काम लावून धरायचं, तेही दर चार वर्षांनी विद्यार्थी बदलत असताना, हे कुठल्याही एका कॉलेजातल्या गटाला जमणारं नाही. कमला हॅरिस हॉवर्ड विद्यापीठात अल्फा कॅपा अल्फा सोरॉरिटीत होत्या, आणि निवडणुकीत त्या भगिनी देशभर कशा कामाला लागल्या हे सगळ्यांनी पाहिलं.

आपल्या मुलांनी तर तिसराच मार्ग काढला. कुणाची सनद मागायलाच गेले नाहीत. १९९० च्या दशकात दक्षिण आशियाई मुलांनी स्वतःच्या फ्रॅटर्निटी काढल्या: १९९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सिग्मा बीटा रो, १९९८ मध्ये टेक्सासात ऑस्टिनला डेल्टा एप्सिलॉन साय, १९९९ मध्ये लॉस एंजेलिसला बीटा काय थीटा. एका कॉलेजात लोकल म्हणून सुरुवात, मग दुसऱ्या कॉलेजातली चुलतभावंडं आणि गरब्यातले मित्र, मग तिसरं कॉलेज, आणि बघता बघता स्वतःच नॅशनल. तिथे संक्रांतीच्या हळदीकुंकवात आयांची आधीच ओळख असते, त्यामुळे जाळं विणायला वेळ लागत नाही.

भाच्याशी बोलताना मला हळूहळू जाणवलं की विमा आणि अक्षरं सोडली तर नॅशनल मुख्यतः विकते ती आठवण. चॅप्टर ही अशी संस्था आहे की जिच्यातली सगळी माणसं चार वर्षांत बदलतात. बँकेच्या खात्यावर कुणाची सही, करसवलतीचे कागद कुठे, मागच्या आगीच्या तपासणीत काय निघालं होतं, हे सांगणारा मुलगा पदवी घेऊन सिॲटलला गेलेला असतो. भाच्याला खजिनदारकी मिळाली तेव्हा आधीच्याने त्याला बुटाच्या खोक्यात पावत्या आणि एक पासवर्ड दिला होता. पासवर्ड चालत नव्हता. बहुतेक चॅप्टरांना आयकरातून मिळणारी सूट नॅशनलच्या सामूहिक सवलतीखाली मिळते. लोकल झालं की स्वतःची संस्था नोंदवा, स्वतःचा कर-क्रमांक घ्या, स्वतःचा अर्ज करा. अवघड नाही, पण कुणीतरी करावं लागतं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा नव्या कुणीतरी. त्यातच चॅप्टर रोडावून सहा मुलांवर आलं तर नॅशनल माणसं पाठवून पुन्हा भरती करते, निदान प्रयत्न करते. लोकल सहावर आलं की खेळ संपला.

शिवाय पाय किती, हाही हिशेब आहे. चॅप्टर नॅशनल आणि विद्यापीठ अशा दोन पायांवर उभं असतं. एक निखळला तरी दुसऱ्यावर काही काळ निभतं. कोलोरॅडो विद्यापीठाने २००५ मध्ये बोल्डरला नव्या अटी घातल्या तेव्हा तिथल्या फ्रॅटर्निटींनी त्या नाकारल्या आणि विद्यापीठाच्या मान्यतेशिवाय, नॅशनलच्या जोरावर, स्वतःची परिषद चालवली. ड्यूक विद्यापीठात २०२१ मध्ये नऊ फ्रॅटर्निटींनी तेच केलं. याउलट डार्टमथची अल्फा डेल्टा. ती १९६९ पासून लोकल होती. २०१५ मध्ये सभासदांच्या अंगावर डागण्या दिल्याच्या प्रकरणावरून कॉलेजने मान्यता काढली. नॅशनल नावाचा दुसरा पाय नव्हताच. गावाच्या नियमांत विद्यार्थ्यांची अशी वसाहत कॉलेजशी जोडलेली असली तरच चालत होती, त्यामुळे स्वतःच्या मालकीच्या घरात राहायची मुभाही गेली. २०१७ मध्ये न्यू हॅम्पशरच्या सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं.

तरी डार्टमथला लोकल गट सत्तर वर्षं नांदताहेत, हेही खरं. तिथे ते जमतं कारण अर्धं कॅम्पस लोकल आहे, नाव ऐकून कुणी भुवया उंचावत नाही, आणि घरं जुन्या सभासदांच्या हातात आहेत. भाच्याच्या विद्यापीठात बाकीची सगळी हाउसं नॅशनलची. तिथे एकटं लोकल म्हणजे रशच्या दिवशी येणाऱ्या प्रत्येक मुलाला ‘ही अक्षरं कुठली?’ याचं उत्तर देत बसायचं. काही विद्यापीठं तर नॅशनलशी न जोडलेल्या गटाला मान्यताच देत नाहीत. मी त्याला ते आधी डीनच्या कार्यालयात विचारायला लावलं.

आणि दुसरी गोष्ट विचारायला लावली ती घराची. पोरं धरून चालली होती की घर ‘आपलं’ आहे. चॅप्टरचं घर बहुधा चॅप्टरच्या नावावर नसतं. माजी विद्यार्थ्यांची एक वेगळी हाउस कॉर्पोरेशन असते, ती मालक. कधी जमीन विद्यापीठाची, कधी नॅशनलची. पेनसिल्व्हेनिया स्टेटच्या त्या घराच्या १९२८ च्या खरेदीखतात अट होती की फ्रॅटर्निटी म्हणून वापर थांबला तर विद्यापीठाला जागा परत घेता येईल, आणि नव्वद वर्षांनी विद्यापीठ ते खत घेऊन कोर्टात गेलं.

भाच्याने काउंटीच्या वेबसाइटवर पत्ता टाकला. मालक: हाउस कॉर्पोरेशन. पोरांनी टाळ्या पिटल्या. मी म्हटलं, आता त्या कॉर्पोरेशनचे नियम बघ. ते कुणाकडेच नव्हते. चार फोननंतर एका निवृत्त माजी सभासदाने गॅरेजमधल्या फाइलीतून आठ टंकलिखित पानं स्कॅन करून पाठवली. सातव्या पानावर एक वाक्य होतं: चॅप्टरची सनद गेली आणि ठरावीक मुदतीत परत मिळाली नाही, तर मालमत्ता नॅशनलच्या प्रतिष्ठानाकडे जाईल.

मतदान पुढे ढकललंय. त्या आजोबांना पुढच्या महिन्यात हाउसवर जेवायला बोलावलंय, आणि मुलं तळघर साफ करताहेत. भाच्याने विचारलं, ‘‘मामा, त्यांना वरणभात चालेल ना? मला तेवढंच येतं.’’